तोरू दत्त : एक लेखिका आणि चार भाषा

१

वाङ्मयाचे इतिहास बहुधा भाषावार लिहिले जातात. बंगाली वाङ्मयाचा इतिहास, मराठी वाङ्मयाचा इतिहास, फ्रेंच वाङ्मयाचा इतिहास ही विभागणी सोयीची आहे आणि बहुसंख्य लेखकांच्या बाबतीत ती अडचणीची ठरत नाही. परंतु ज्या लेखकाच्या घरात कानावर पडणारी भाषा एक, लेखनाच्या भाषा दोन आणि व्यासंगाची भाषा आणखी निराळी, त्याला या विभागणीत कोठे स्थान द्यावे, हा प्रश्न सहजासहजी सुटत नाही. तोरू दत्त (१८५६–१८७७) या कवयित्री-कादंबरीकर्तीच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. तिची मातृभाषा बंगाली; परंतु बंगाली वाङ्मयाच्या इतिहासकाराला तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नसते, कारण त्या भाषेत तिची ग्रंथरचना नाही. तिने फ्रेंचमध्ये एक संपूर्ण कादंबरी लिहिली. परंतु फ्रेंच वाङ्मयात ती केवळ नवलाचा विषय राहिली. उरले इंग्रजी. तेथे तिला स्थान मिळाले, पण ते बव्हंशी अकाली मावळलेली विलक्षण बुद्धीची मुलगी म्हणून.

प्रस्तुत लेखात तोरूच्या जीवनाचा व ग्रंथांचा परामर्श या भाषिक प्रश्नाच्या अनुरोधाने घ्यावयाचा आहे. तिने कोणत्या भाषेत लिहावयास हवे होते, हा प्रश्न येथे गौण आहे. तिच्या जीवनात कोणत्या भाषेकडे कोणते कार्य होते आणि ज्या भाषेत तिने ग्रंथ लिहिला नाही त्या बंगालीने तिच्या लेखनात कोणता वाटा उचलला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

२

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यातील रामबागान येथील दत्त घराण्यात झाला. वडील गोविंदचंद्र दत्त सरकारी नोकरीत होते व स्वतः इंग्रजीत कविता लिहीत. आईचे नाव क्षेत्रमणी. अब्जू, आरू आणि तोरू ही तीन भावंडे. त्यांत तोरू सर्वांत धाकटी. इ. स. १८६२ मध्ये या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. क्षेत्रमणींना हे धर्मांतर प्रारंभी मनापासून मान्य नव्हते. पुढे मात्र त्यांची या धर्मावर दृढ श्रद्धा बसली व त्यांनी एका ख्रिस्ती धर्मग्रंथाचे बंगालीत भाषांतरही केले. मुलींचे बालपण, मुंबईत काढलेले एक वर्ष वगळता, रामबागानचे घर आणि बागमारीचे उद्यानगृह यांमध्येच गेले. १८६५ मध्ये अब्जूचा मृत्यू झाला.

१८६९ च्या अखेरीस गोविंदचंद्र पत्नीला व दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे मुली काही महिने एका निवासी शाळेत गेल्या. त्यांच्या आयुष्यातील शाळा एवढीच. फ्रेंच भाषेवर त्यांचे जे प्रभुत्व पुढे दिसते त्याचा पाया येथे घातला गेला. नंतर पॅरिस, १८७० मध्ये लंडन आणि १८७१ पासून केंब्रिज असा त्यांचा मुक्काम झाला. केंब्रिजला स्त्रियांसाठी नुकत्याच सुरू झालेल्या उच्च व्याख्यानमालेस दोघी बहिणी उपस्थित राहत. तेथेच मेरी मार्टिन या मुलीशी तोरूचा स्नेह जडला. सप्टेंबर १८७३ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले. २३ जुलै १८७४ रोजी आरू क्षयाने वारली. त्याच रोगाने ३० ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, तोरूचाही अंत झाला. तिच्या हयातीत एकच ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाकीचे वडिलांनी तिच्या पश्चात प्रकाशात आणले. गोविंदचंद्र १८८४ मध्ये वारले. तिन्ही मुलांच्या मागे राहिलेल्या या गृहस्थाच्या चिकाटीमुळेच तोरूचे निम्म्याहून अधिक लेखन आज उपलब्ध आहे.

३

तोरूने इंग्रजी व फ्रेंच का निवडली, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की धर्मांतरामुळे हे कुटुंब स्वसमाजापासून तुटले आणि समाजाबरोबर भाषाही सुटली. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८४९ मध्ये इंग्रजीत काव्य प्रसिद्ध केले आणि त्यानंतर बंगालीकडे वळून १८६१ मध्ये ‘मेघनादवध काव्य’ लिहिले. आपल्याकडे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले; तोरूच्या जन्मानंतर अवघ्या एका वर्षाने, १८५७ मध्ये, प्रसिद्ध झालेली त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठी कादंबरीच्या आरंभीची कृती होय. धर्मांतर झाले म्हणजे मातृभाषा सुटते असा नियम या उदाहरणांवरून मुळीच निघत नाही. उलट मिशनरी चळवळीने देशी भाषांतील गद्याला चालनाच दिली.

दत्त घराण्याच्या बाबतीत खरे कारण वाङ्मयीन परंपरेचे होते. या घराण्यात इंग्रजीत कविता करणे ही कुलरीत झाली होती. १८७० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला ‘द दत्त फॅमिली आल्बम’ हा संग्रह गोविंदचंद्र आणि त्यांच्या आप्तांपैकी आणखी तिघे अशा चौघांच्या इंग्रजी कवितांचा आहे. तोरूच्या दृष्टीने कविता लिहिणे म्हणजे वडील आणि चुलते जे करीत ते करणे होते.

या कुलरीतीवर त्याच काळात एक कठोर अभिप्राय व्यक्त झाला होता. ‘बंगदर्शन’ हे मासिक १८७२ मध्ये सुरू करणाऱ्या बंकिमचंद्रांनी याच घराण्यातील तरुण रमेशचंद्र दत्त यांना बंगालीत लिहिण्याचा आग्रह केला. तो करताना त्यांनी सांगितले की गोविंदचंद्र आणि शशिचंद्र यांच्या इंग्रजी कविता टिकणार नाहीत. मधुसूदनांची बंगाली कविता मात्र भाषा असेतोवर राहील. रमेशचंद्रांनी हा उपदेश मानला. १८७४ मध्ये त्यांची ‘बंगविजेता’ ही पहिली कादंबरी निघाली. ज्यांच्या कवितेविषयी हे भाकीत झाले त्यांपैकी एक तोरूचे वडील होते, आणि त्याच सुमारास त्यांची मुलगी केंब्रिजमध्ये व्याख्याने ऐकत होती. एकाच घराण्यातील दोन तरुण व्यक्ती दोन विरुद्ध दिशांनी निघाल्या, असे वरवर दिसते. ते कितपत खरे आहे, हे तोरूच्या ग्रंथांवरूनच ठरविले पाहिजे.

४

तोरूचे पहिले प्रसिद्ध लेखन म्हणजे लालबिहारी दे यांच्या ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये १८७४ मध्ये आलेले लकोंत द लील व जोझेफँ सुलारी या समकालीन फ्रेंच कवींवरील निबंध. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तिने फ्रेंच कवितेतील ताज्या घडामोडींविषयी इंग्रजीत, कलकत्त्याच्या वाचकांसाठी लिहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानंतर १८७६ मध्ये भवानीपूरच्या साप्ताहिक संवाद मुद्रणालयातून ‘अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’, म्हणजे फ्रेंच शेतांतून वेचलेल्या कणसांची पेंढी, हा ग्रंथ निघाला. त्यात दीडशेहून अधिक फ्रेंच कवितांची इंग्रजी पद्यभाषांतरे आहेत. त्यांपैकी आठ आरूने केलेली. शेवटी जोडलेल्या टिपांत तोरूने कवींविषयी निर्भीड मते दिली आहेत. ग्रंथाला प्रस्तावना नव्हती, कागद व छपाई साधी होती. त्याच वर्षी तो लंडनच्या ‘एक्झॅमिनर’ पत्राच्या कचेरीत एडमंड गॉस यांच्या हाती पडला आणि त्यांनी त्याचा गौरवपूर्ण परिचय लिहिला. पुढील वर्षी आंद्रे तरिये यांनी पॅरिसच्या एका प्रमुख नियतकालिकात त्याची दखल घेतली.

‘वेचणे’ हा शब्द येथे योगायोगाने आलेला नाही. सुगीनंतर शेतात उरलेली कणसे वेचणाऱ्याची जमिनीवर मालकी नसते. परंतु वेचलेले धान्य त्याचे असते. परकीय भाषेशी असलेले आपले नाते तोरूने या प्रतिमेत नेमके बांधले आहे.

या भाषांतरांच्या मागे मात्र आणखी एक लेखन गुपचूप चालू होते. तोरूच्या मृत्यूनंतर वडिलांना तिच्या कागदपत्रांत एका फ्रेंच कादंबरीचे संपूर्ण हस्तलिखित सापडले. क्लारिस बादेर या विदुषीच्या प्रस्तावनेसह ही कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला ‘ल जूर्नाल द मादमाझेल दार्व्हेर’ या नावाने प्रसिद्ध झाली. भारतीय व्यक्तीने फ्रेंचमध्ये लिहिलेली ही पहिली कादंबरी होय. ब्रिटनीतील मार्गरीत या पंधरा वर्षांच्या मुलीची ही रोजनिशी आहे. तिचे मन ज्या तरुण सरदारावर बसते तो आणि त्याचा भाऊ हे दोघेही घरातील एका दासीवर लुब्ध असतात. मत्सरापोटी भावाच्या हातून भावाचा वध होतो. खुनी वेडा होऊन स्वतःचा घात करून घेतो. मार्गरीत पुढे तिच्यावर निष्ठेने प्रेम करणाऱ्या लुई या अधिकाऱ्याशी विवाह करते आणि पुत्रजन्मानंतर मरण पावते.

कथानकात अद्भुतरम्यता भरपूर आहे. पण त्या काळच्या कादंबरीवाचनाचा तो सर्वसाधारण संस्कार समजावा. लक्षणीय आहे तो भाषा व प्रकार यांचा मेळ. ज्या लेखनाचा उच्चार लेखिकेने घरातही केला नाही त्यासाठी तिने रोजनिशीचा घाट घेतला आणि घराण्यात कोणाचीच नसलेली भाषा निवडली. इंग्रजी ही वडिलांची व चुलत्यांची भाषा होती. त्या भाषेत लिहिणे म्हणजे कुटुंबाच्या दृष्टीसमोर लिहिणे. फ्रेंच मात्र दोघी बहिणींनी मिळून कमावलेली होती. या कादंबरीसाठी आरूने चित्रे काढावयाची असे ठरले होते. ती एकही पान पाहण्यापूर्वीच वारली. तोरूच्या लेखी फ्रेंच ही अशी अंतरंगाची भाषा होती, असे अनुमान या सर्व गोष्टींवरून काढता येते.

५

इंग्रजीत तोरूने ‘बियांका’ ही दुसरी कादंबरी आरंभिली. तिचा उपलब्ध भाग १८७८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये क्रमशः छापला गेला, कादंबरी अपुरीच राहिली. इंग्लंडमधील खेड्यात राहणारा एक स्पॅनिश गृहस्थ, त्याची नुकतीच वारलेली थोरली मुलगी आणि मागे राहिलेली धाकटी बियांका अशी तिची मांडणी आहे. प्रारंभीच थोरल्या बहिणीच्या अंत्यविधीचे वर्णन येते. आरूच्या मृत्यूनंतरच्या रामबागानची छाया त्यावर पडलेली आहे, हे सांगावयास नको. नायिकेचे नाव ‘शुभ्र’ या अर्थाचे. वर्णन मात्र सावळ्या कांतीच्या मुलीचे. एका इंग्रज उमरावाचे तिच्यावर प्रेम बसते आणि तिचे परकेपण त्या प्रेमाच्या आड येते. इंग्रजांत वावरताना रंगाचा व परकेपणाचा जो अनुभव तोरूने घेतला असेल, तो हिंदी नायिका न घेता स्पॅनिश नायिकेच्या आडून सांगण्याची ही युक्ती आहे.

तिच्या इंग्रजीचे दुसरे दालन म्हणजे मेरी मार्टिनला कलकत्त्याहून लिहिलेली पत्रे. हरिहर दास यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथात ती वाचावयास मिळतात. बाग, घोडे, मांजरे, पुस्तके, आजार असे त्यांतील विषय. केंब्रिजमध्ये मोकळेपणी फिरत होतो, येथे घराबाहेर पडणेही कठीण, ही खंत त्यांत वारंवार येते. या पत्रांतील एक भाषिक घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. आरंभी तोरू आपल्या देशबांधवांचा उल्लेख ‘नेटिव्ह’ या शब्दाने करीत असे. त्यावर मेरीने हरकत घेतली. तोरूने ती योग्य असल्याचे मान्य करून यापुढे आपण तो शब्द वापरणार नाही, असे तिला कळविले. शब्द हा केवळ निर्देश करीत नाही. बोलणारा कोठे उभा आहे हेही तो दाखवितो. ‘नेटिव्ह’ म्हणताना तोरू अँग्लो-इंडियन वर्तमानपत्राच्या जागी उभी होती. तो शब्द टाकताना ती तेथून सरकली. याच पत्रांत तिने एका प्रकरणाविषयी संतापाने लिहिले आहे : एका इंग्रजाच्या मारामुळे त्याचा मोतद्दार मेला आणि शिक्षा झाली ती केवळ दंडाची. इंग्रज न्यायाधीशाच्या दृष्टीने हिंदी माणसाचा जीव किती स्वस्त आहे, हे त्यावरून कळते, असा तिचा शेरा आहे. शब्दातील बदल हा दृष्टीतील बदल होता.

६

१८७५ च्या अखेरीस तोरूने वडिलांसह एका पंडितांकडे संस्कृत शिकण्यास प्रारंभ केला. प्रकृती ढासळत असता जेमतेम वर्षभर हे अध्ययन चालले. तेवढ्यात तिने विष्णुपुराणातील ध्रुवाची कथा व भरत राजाची कथा इंग्रजी पद्यात आणली; पहिली ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १८७६ मध्ये आणि दुसरी ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये जानेवारी १८७७ मध्ये आली. फ्रेंच शेतांनंतर आता संस्कृत शेतांतून पेंढी वेचण्याची आकांक्षा तिने मेरीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे. १८७७ च्या आरंभी तिने प्राचीन भारतातील स्त्रीविषयक ग्रंथाच्या लेखिका असलेल्या क्लारिस बादेर यांना त्यांच्या ग्रंथाच्या भाषांतराची अनुज्ञा मागितली. फ्रेंच ग्रंथाच्या द्वारा संस्कृतकडे जाण्याचा हा मार्ग तिच्या भाषिक जीवनाशी सुसंगतच होता.

या अध्ययनाचे फळ ‘एन्शंट बॅलड्स अँड लेजंड्स ऑफ हिंदुस्तान’ या नावाने १८८२ मध्ये लंडनला, गॉस यांच्या प्रास्ताविकासह, प्रसिद्ध झाले. सावित्री, लक्ष्मण, ध्रुव, प्रह्लाद, सिंधू, सीता. आणि ‘बुट्टू’ या नावाने एकलव्य, अशा कथा त्यात आहेत. या कथा ती निमूटपणे सांगत नाही. सावित्रीच्या आरंभी, त्या प्राचीन काळी स्त्रिया जनान्यात कोंडलेल्या नव्हत्या, असे ती आवर्जून सांगते. केंब्रिजच्या आठवणीने कष्टी झालेल्या पत्रलेखिकेचा हा आवाज ओळखू येतो. भरत व हरिणशावक यांच्या कथेत पुराणकाराने आसक्तीचा दोष दाखविला आहे. तोरू मात्र कथा संपताच त्याच्याशी वाद घालते आणि प्रेमाला पाप कसे म्हणावे, असे विचारते. प्रह्लादाच्या शेवटी जुलमी सत्ताधीशांना इशारा आहे. अवघ्या वर्षाच्या अध्ययनावर तिने पुराणांशी असे संभाषण मांडले, ही गोष्ट संस्कृतच्या ज्ञानापेक्षाही तिच्या वृत्तीची द्योतक आहे.

परंतु हा ग्रंथ संस्कृतमधून आला, एवढे म्हणून भागत नाही. ‘जोगाध्या उमा’ ही कथा पुराणांतील नाही. खीरग्रामच्या देवीची, शंखाच्या बांगड्या विकणाऱ्या फेरीवाल्याची ती लोककथा आहे. ही गोष्ट काळाला शोभणारी नसली, तरी जिच्या ओठांतून ती ऐकली त्या व्यक्तीवर आपला जीव होता, म्हणून ती येथे राहू द्यावी, अशा आशयाची पुस्ती तोरूने तिला जोडली आहे. ‘सीता’ या लहानशा कवितेत अंधाऱ्या खोलीत तीन मुले आईच्या तोंडून सीतेच्या वनवासाचे गीत ऐकत आहेत; तिघांच्या डोळ्यांत पाणी आहे; आणि ती तिघे आईजवळ पुन्हा केव्हा एकत्र येतील, या प्रश्नाशी कविता थांबते. ही तीन मुले म्हणजे अब्जू, आरू आणि तोरू. कविता लिहिली गेली तेव्हा दोघे या जगात नव्हते. सीतेची कथा या मुलांपर्यंत पोचली ती पंडितांच्या संथेतून नव्हे, आईच्या कंठातून. आणि या घरात अशा कथा ज्या भाषेतून वाहत आल्या ती बंगाली होय.

हा माझ्या मते तोरूच्या लेखनाचा मर्मबिंदू आहे. संस्कृतच्या पाठापूर्वी कितीतरी वर्षे या कथा तिच्या कानी होत्या. संस्कृतने त्यांना ग्रंथाचा आधार दिला, इंग्रजीने वाचक दिले. परंतु त्यांच्यातील जिव्हाळा बंगाली श्रवणाचा आहे. तिच्या भाषाव्यवहाराची वाटणी अशी करता येईल : इंग्रजी प्रकट लेखनाची, फ्रेंच एकांताची, संस्कृत व्यासंगाची आणि बंगाली श्रवणाची व स्मरणाची. भाषाशास्त्रात ज्याला कार्यविभाजन म्हणतात त्याचे हे अत्यंत स्पष्ट उदाहरण होय. लिखित पुरावा तेवढाच पाहणाऱ्या इतिहासकाराला चौथी भाषा दिसत नाही. कारण तिचे कार्यच अलिखित होते. बागमारीच्या बागेतील सुरूच्या झाडावरील तिची प्रसिद्ध कविता याच दृष्टीने वाचली पाहिजे. कडव्यांची बांधणी व पूर्वस्मरणे इंग्रजी कवींची आहेत, फ्रान्स व इटलीचे किनारे त्यात आहेत. परंतु त्या दूरच्या किनाऱ्यांवर कवयित्रीला जो आवाज ऐकू येतो तो भावंडांबरोबर खेळताना ऐकलेल्या या झाडाचा. झाड प्रिय का, याचे उत्तर ती स्पष्ट देते : त्याखाली जे खेळले ते आता नाहीत म्हणून.

७

गॉस यांनी प्रास्ताविकात तोरूला परदेशी नाजूक फुलाची उपमा दिली आणि आपल्या देशाच्या वाङ्मयेतिहासात तिच्यासाठी एक पान राखले जाईल, असे भाकीत केले. इंग्रजी छंदांच्या नियमांकडे तिच्या रचनेत कोठे कोठे दुर्लक्ष झाले आहे, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. या सहृदय लेखाचे तोरूवर मोठे ऋण आहे. परंतु फुलाच्या या प्रतिमेने एक नुकसानही केले. फूल उमलते आणि गळते. ते वाद घालीत नाही, शब्द बदलीत नाही, मागील ऋषींना प्रश्न विचारीत नाही. तोरूने हे सर्व केले, आणि तेही मृत्यूपूर्वीच्या दोन-तीन वर्षांत.

बंकिमचंद्रांचे भाकीत काव्याच्या व्यापक इतिहासापुरते खरे ठरले. गोविंदचंद्रांच्या कविता आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचीत नाही. तोरूचे लेखन मात्र वाचले जाते. तिची फ्रेंच कादंबरी २००५ मध्ये नव्या इंग्रजी भाषांतरात आली आणि २००६ मध्ये तिच्या गद्य-पद्याचा एकत्रित संग्रहही निघाला. वडील व मुलगी यांच्यातील या फरकाचे एक कारण असे संभवते की तोरूच्या इंग्रजीखाली दुसरी एक भाषा सतत बोलत होती. बंकिमचंद्रांचा सिद्धान्त तिच्या उदाहरणाने खोटा ठरत नाही, पण त्याला एक पुरवणी जोडावी लागते : मातृभाषेची साथ लेखनाच्या भाषेवरूनच ओळखता येते असे नाही.

हा प्रश्न मराठी अभ्यासकांनाही परका नाही. १८६२ मध्ये अहमदनगर येथे एका धर्मांतरित मराठी ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांनी मद्रासमध्ये राहून ‘सगुणा’ व ‘कमला’ या दोन कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या. पहिली १८८७–८८ मध्ये क्रमशः आली. दुसरी १८९४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, ग्रंथरूपाने निघाली. त्यांतील घरे, नाती व स्त्रियांची दुःखे मराठी मुलखातील आहेत. भाषा इंग्रजी असल्यामुळे मराठी कादंबरीच्या विवेचनात त्यांना क्वचितच जागा मिळते. तोरूच्या बाबतीत जी पद्धती येथे अवलंबिली, म्हणजे लिहिलेल्या भाषेखालची ऐकलेली भाषा शोधण्याची, तिचा उपयोग कृपाबाईंच्या गद्यावर करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे काम हाती घेतल्यास एकोणिसाव्या शतकातील स्त्रीलेखनाच्या आपल्या नकाशात आज कोरी दिसणारी जागा भरून निघेल. त्या जागेवर लेखिका होत्या. त्यांच्या घरची भाषा वेगळ्या लिपीआड राहिली, एवढेच.